अक्काने पायी पाहिलेलं लष्कर

प्रिय अक्का,

सकाळचे सात वाजले असतील. खाली भावजींची पूजा चालली आहे. मी वरच्या खोलीत, तुझ्या खिडकीपाशी बसून तुला पत्र लिहिते आहे. तू भाद्रपदात गेलीस, आता कार्तिक लागला. इतके दिवस एक ओळ लिहिली नाही आणि आजच का, असं तू नक्की विचारशील. काल सराफ्यात एका म्हाताऱ्या सिलावटानं, म्हणजे दगड घडवणाऱ्या कारागिरानं, तुझ्याबद्दल मला असं काही सांगितलं, की रात्रभर तुझ्याशी मनातल्या मनात बोलत होते. उजाडल्यावर म्हटलं, आता कागदच घ्यावा.

तुझ्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, हे आधी कबूल करते. पुण्याला शाळेत परीक्षा होत्या, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. चार वर्षं मी तुला कार्डावर चार ओळींच्या वर काही लिहिलंच नाही. तू पानं भरभरून लिहायचीस आणि मी 'सर्व क्षेम' लिहून मोकळी व्हायचे. तुला ते लागत होतं का गं? तू कधी तसं म्हणाली नाहीस.

मी तुझ्यावर रागावले होते, अक्का. भावजींवर तर त्याहून जास्त.

आठवतं ना, मी पहिल्यांदा तुझ्या या लष्कर शहरात आले तेव्हा? बाराव्या वर्षी तुझं लग्न होऊन तू इकडे आलीस, तेव्हा मी पाच वर्षांची होते. मधल्या पंधरा वर्षांत तू दोनदा माहेरी आलीस. मला नोकरी लागली आणि पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत मी तिकीट काढलं. दोन दिवसांचा प्रवास करून स्टेशनवर उतरले, तर तू पडद्याच्या टांग्यात बसून मला घ्यायला आली होतीस. पडदा जरासा सरकवून तू हात बाहेर काढलास, आणि हातातल्या आईच्या बिलवरांवरून मी तुला ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चित्रांची वही घेऊन एकटीच बाहेर पडले. मला लहानपणापासून घरं बघण्याचं वेड. नव्या गावात गेलं की पायांना राहवत नाही. दुपारी परत आले, तर तू दारातच उभी.

"तू पैदल जाऊन आलीस? अकेली?"

"हो. सराफ्यातून बाड्याच्या चौकापर्यंत. मग नया बाजारातून परत."

"इकडे बाया अशा नाही जात, बनू. लोक काय बोलतील?"

"लोक काही बोलले नाहीत. एका फुलवालीनं पाणी दिलं."

तू हसलीस. मग माझी वही ओढून घेतलीस आणि पानं उलटायला लागलीस. सराफ्यातले झरोके मी काढले होते. कोरीव सज्जे, त्यांना खालून पेलणारे दगडी मोर, नखाएवढ्या नक्षीची जाळी. तू कितीतरी वेळ त्या पानांकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "हे कुठलं आहे?"

मी म्हटलं, "सराफ्यातलं. तू दर सणाला जातेस ना तिथे."

तेव्हा तू जे सांगितलंस ते मी पुढे माझ्या वर्गातल्या मुलींनाही सांगितलं. तू म्हणालीस, टांग्याचा पडदा खाली चार बोटं आखूड आहे, तेवढ्यातून जे दिसतं ते मला मालूम आहे. ओटे मालूम आहेत. पायऱ्या मालूम आहेत. कोणत्या घराच्या जोत्यावर वेलबुट्टी आहे आणि कुठल्या पायरीचा कोपरा उडालाय ते सांगते. वरचं काही मी बघितलंच नाही.

पंधरा वर्षं! तुझ्या सासूबाईंनी टांग्याला पडदा लावला होता. त्या वारल्या तरी तो तसाच राहिला, कारण तो कोणी काढायचा हे कधी ठरलंच नाही. भावजी सकाळी दरबारच्या दफ्तरात जात, संध्याकाळी येत, जेवताना दोन शब्द बोलत. त्यांनी कधी मनाई केली नव्हती आणि कधी 'चल' म्हटलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तू माझ्याबरोबर निघालीस. डोक्यावरून पदर घट्ट घेऊन, माझा हात धरून. घराजवळच्या खासगी बाजारातून बाहेर पडेपर्यंत तू मान वर केली नाहीस. सराफ्याच्या तोंडाशी मी म्हटलं, "आता बघ." तू वर पाहिलंस आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिलीस. मागून येणारा एक पागोटेवाला तुझ्यावर आदळता आदळता राहिला. "बाई साब, जरा देख के," असं म्हणून तोही वर बघायला लागला, काय दिसतंय म्हणून.

त्या आठवड्यात आपण किती चाललो! बाड्यावर पोस्टाच्या इमारतीचे खांब तुला आवडले नाहीत. "एवढे जाड कशाला? वर वजन तर काही नाही," म्हणालीस. मार्केटच्या कमानी आवडल्या. एका गल्लीत छप्पर घालायचं काम चाललं होतं. तिथे लाकडाऐवजी दगडाच्या लांब लांब पट्ट्या टाकतात हे पाहून मी थक्क झाले आणि तू मला समजावून सांगितलंस, की इथे दगड स्वस्त आणि लाकूड महाग. हे तुला कसं ठाऊक, तर पडद्याखालून पंधरा वर्षं दगडांच्या गाड्या जाताना पाहिल्या होत्यास.

मग किल्ला. तो हट्ट तुझा होता. मी नको म्हणत नव्हते, हेही तितकंच खरं. टांगा पायथ्याशी सोडून आपण दगडी चढणीनं चालत वर गेलो. दर वळणावर तू थांबत होतीस, धाप लागली तरी परत फिरत नव्हतीस. वर मानमंदिर महालाच्या भिंतीखाली आलो, आणि तिच्यावरच्या निळ्या झिलईच्या फरशा उन्हात चमकल्या. त्यांत पिवळ्या बदकांची रांग, हत्ती, केळीची झाडं. तू खालीच बसलीस.

"हे इथे होतं?" तू विचारलंस. "माझ्या घरापासून एवढ्या जवळ?"

तुझ्या आवाजात राग होता, की रडू होतं, मला अजून ठरवता येत नाही.

उतरताना जे झालं त्याचा दोष माझा. हे मी तुला कधीच सांगितलं नाही, म्हणून आज सांगते. ऊन कलायच्या आत मला गुजरी महालाचं चित्र काढायचं होतं. तू दमली होतीस. मी तुझा हात सोडला, "ये हळूहळू" म्हणाले आणि भराभर पुढे उतरले. गुळगुळीत झालेल्या फरशीवर तुझा पाय सरकला. मागे वळून पाहिलं तेव्हा तू चढणीवर आडवी पडली होतीस आणि उजवं पाऊल भलतीकडे वळलं होतं. दोन शिपायांनी खाटेवर घालून तुला खाली आणलं. कोणीतरी दफ्तरात निरोप दिला आणि भावजी धावत आले. डोक्यावर पगडी नव्हती.

त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. तिसऱ्या दिवशी तुझा पाय फळ्यांत बांधल्यावर ते दारात उभे राहून म्हणाले, "बनूताई, तुम्ही आता निघावं. हिला आराम हवा. उद्याच्या गाडीचं बघतो."

तू खाटेवर जागी होतीस. ऐकत होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. माझ्या बाजूनं एक शब्द बोलली असतीस तर? परतीच्या वाटेवर दोन दिवस मी हेच घोकत होते. मनाशी ठरवून टाकलं, की तुझ्या नवऱ्यानं मला हाकललं, तुला पुन्हा पडद्यात घातलं आणि तुला ते मान्य आहे.

मग सहा महिन्यांनी तुझी पत्रं सुरू झाली. 'काल आम्ही कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन आलो.' 'आज आम्ही नया बाजारात एक दरवाजा पाहिला, त्यावर पितळी फुलं आहेत.' आम्ही, आम्ही. मला वाटे, शेजारपाजारच्या बायका असतील. मी कधी विचारलं नाही, 'आम्ही' म्हणजे कोण. रागावलेलं माणूस साधे प्रश्नसुद्धा विचारत नाही, हे मला आता कळलं.

तुझ्या जाण्याचं पत्र भावजींच्या हातचं होतं. तीन दिवसांचा ताप, एवढंच. मी सुट्टी लागण्याची वाट पाहिली. लगेच यायला हवं होतं, पण त्या घरात पाऊल टाकायला मन धजेना.

पाच दिवसांपूर्वी आले. भावजी स्टेशनवर होते. फार वाळलेत. तुझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, आता पेन्शनीत आहेत, म्हणून दिवसभर घरीच. माझी खोली झाडून ठेवली होती, पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. पण बोलणं नाही. चार दिवस आम्ही समोरासमोर जेवलो आणि आमटी, भात याखेरीज बोललो नाही. ते घराबाहेर पडत नाहीत हे माझ्या लक्षात आलं. पण मी म्हटलं, असतील तसेच, पूर्वीपासून घुमे.

काल सकाळी मात्र मला घरात बसवेना. वही घेतली आणि सराफ्यात गेले. एका हवेलीला परांची बांधली होती, एक म्हातारा सिलावट सज्ज्याची जाळी बदलत होता. मी खाली उभी राहून चित्र काढायला लागले. तो थोडा वेळ बघत राहिला आणि खाली उतरला.

"आप बाई साब की बहन हो क्या? पूनावाली?"

मी म्हटलं, "कौन बाई साब?"

"खासगी बाजारवाली. बाबू साब के साथ आती थीं रोज. आपकी किताब की बात करती थीं।"

मी म्हटलं, बाबूसाहेब कोण? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बहिरी आहे. "उनके घरवाले, और कौन?"

मग त्यानं सांगितलं, अक्का. पहिल्यांदा आलीस तेव्हा तुझ्या हातात काठी होती. भावजी छत्री घेऊन दहा पावलं पुढे. तू थांबलीस की तेही थांबायचे, पण मागे वळून बघायचे नाहीत, रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. काही महिन्यांनी दहाची पाच पावलं झाली. मग काठी गेली. मग दोघं शेजारी चालायला लागलात. तू बोट करून वर दाखवायचीस आणि ते चष्मा पुसून बघायचे.

आणि तो सज्जा. हे तू मला का लिहिलं नाहीस? दसऱ्याच्या आधी तू त्याच हवेलीखाली उभी राहून म्हणालीस, की डावीकडच्या मोराच्या मानेत चीर आहे आणि गेल्या महिन्यात ती एवढी नव्हती. दसऱ्याची स्वारी त्या रस्त्यानं जाते आणि तेव्हा त्या सज्ज्यात वीस-पंचवीस बायका-पोरं दाटीनं उभी राहतात. भावजी घरमालकाकडे गेले. तो हसला. म्हणाला, बायकांना दगडातलं काय कळतं. भावजी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी ते ओट्यावरच बसले. म्हणाले, सिलावट वर चढल्याशिवाय मी उठत नाही.

"मैं ही चढ़ा था," म्हातारा म्हणाला. "हाथ लगाया, और मोर दो टुकड़े होकर मेरे हाथ में आ गया। बाई साब नीचे खड़ी थीं। बाबू साब ने मालिक से कहा, देखा? बस इतना ही बोले।"

नवा मोर त्यानं मला दाखवला. बाकीच्यांपेक्षा जरा पांढरा आहे. त्याची मान तिरकी झाली आहे, असं तू त्याला सांगितलं होतंस म्हणे, आणि त्याला ते पटलं होतं.

मी वही मिटली आणि घरी आले. भावजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी समोर जाऊन बसले.

"भावजी, तुम्ही अक्काबरोबर चालायला जात होता?"

अडकित्ता थांबला. "कोणी सांगितलं?"

"सराफ्यातल्या सिलावटानं."

अडकित्ता खाली ठेवून ते म्हणाले, "वैद्यांनी सांगितलं होतं, पाय आखडेल, चालवा. पहिले तर मी म्हटलं, अंगणात चाल. ती म्हणाली, अंगणात काय बघू?"

"मग मला का घालवलंत? मला वाटलं, तुम्हांला तिचं चालणंच नको होतं." चार वर्षं गिळलेलं वाक्य असं एकदम बाहेर पडलं. माझा आवाजही चढला होता.

भावजी माझ्याकडे न बघता बोलले. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "त्या दिवशी मी किल्ल्याखाली आलो, तेव्हा ती खाटेवर होती. पाऊल मोडलेलं. आणि ती मला बदकं सांगत होती. पिवळी बदकं, निळी भिंत. चेहरा असा, की मी तो कधी बघितला नव्हता. पंधरा वर्षं एका घरात राहून. तुम्ही आठ दिवसांत तिला जे दाखवलंत, ते मला सुचलंसुद्धा नाही. बनूताई, मला शरम वाटली. तुमच्यासमोर बसून जेवणं मला जमेना, म्हणून म्हटलं, तुम्ही निघा."

"आणि अक्का? ती काही बोलली नाही."

"तिला मी आदल्या रात्री सांगितलं होतं, हे असं आहे म्हणून. ती म्हणाली, ठीक आहे, बनूला मी नंतर समजावीन." त्यांनी कातरलेली सुपारी डब्यात भरली. "समजावलं नाही वाटतं तिनं."

नाही समजावलंस. पत्रांतून सांगता आलं असतं की. की भावजींची ती शरम त्यांची होती, ती दुसऱ्याला सांगायची नाही, असं तुला वाटलं? मला तसंच वाटतं. आणि आता त्याचा राग येत नाही. 'आम्ही' या शब्दात तू सगळं लिहिलं होतंस. वाचणारी मीच धड नव्हते.

चार वाजता मी म्हटलं, "भावजी, चला, बाड्यापर्यंत जाऊन येऊ."

"नको. मला त्या दगडांतलं काही समजत नाही. ती थांबायची म्हणून मी थांबायचो."

मी आग्रह केला नाही. चपला घातल्या आणि अंगणात उभी राहिले. थोड्या वेळानं आतून खुंटीवरची पगडी काढल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा छत्री हातात होती, आभाळात ढग नसताना.

खासगी बाजारातून निघालो, तर चार दुकानांतून लोक उठून उभे राहिले. तू गेल्यापासून भावजी त्यांना पायी प्रथमच दिसत होते. कोणी 'राम राम' म्हणालं, एका अत्तरवाल्यानं नुसता हात छातीवर ठेवला. भावजी मान हलवत पुढे चालत होते. मला वाटलं, परत फिरतील. फिरले नाहीत.

बाड्यावर पोस्टासमोर मात्र ते आपण होऊन थांबले. म्हणाले, "हे खांब तिला पसंत नव्हते."

"ठाऊक आहे. उगाच जाड, म्हणायची."

"पण संध्याकाळी इकडून बघा." त्यांनी मला बाजूला नेलं. मावळतीचं ऊन खांबांच्या मधून आत शिरत होतं आणि फरशीवर सावल्यांचे लांब पट्टे पडले होते. "जाड आहेत म्हणून सावली अशी पडते. हे मी तिला दाखवलं होतं. मग ती म्हणाली, बरं, राहू देत."

दगडातलं काही समजत नाही म्हणणारा हा माणूस, अक्का. आणि 'राहू देत' सांगताना ते हसले. तुझ्यासारखेच, एका बाजूनं.

परतताना ते बोलत होते, मी ऐकत होते. हजिरा नावाच्या वस्तीकडे एका पीराची जुनी कबर आहे. तिच्या चारी बाजूंना दगडाच्या जाळ्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही. तुला त्या सगळ्या मोजून बघायच्या होत्या. पाऊस थांबला की जायचं, असं तुमचं ठरलं होतं. पाऊस थांबला आणि तू नव्हतीस. घरात शिरताना, काहीच विशेष नाही अशा आवाजात ते म्हणाले, "उद्या सकाळी वेळ आहे का तुम्हांला?"

म्हणून आज आम्ही निघतो आहोत. तांब्यात पाणी भरलं आहे, दशम्या बांधल्या आहेत. वहीची अर्धी पानं कोरी आहेत.

तुला एक वचन देते. हजिऱ्याला पोचायच्या आधी, वाटेतच, मी भावजींना सांगेन की मी तुमच्याबद्दल चार वर्षं चुकीचा समज धरून होते आणि मला त्याचं वाईट वाटतं. किल्ल्याच्या उतरणीवर मी तुझा हात सोडला होता, तेही सांगेन. ते बहुतेक काही म्हणणार नाहीत. पण सांगेन. आणि दर दिवाळीला इथे येईन. ते जेवढं चालू शकतील तेवढं त्यांच्याबरोबर चालेन, घाई न करता.

पूजेची घंटा थांबली. ते जिन्याशी येऊन हाक मारताहेत, "बनूताई, ऊन चढेल, चला." जाते गं.

तुझीच,
बनू